घुबडाच्या डोक्यावरचं घरटं

कबुतरांना घाबरवायला बसवलेल्या घुबडाच्या डोक्यावरच कबुतरानं घरटं का बांधावं? अख्ख्या सोसायटीत हा प्रश्न सर्वांत जास्त त्या घुबडाला पडला होता.

त्याचं नाव दरारा. तो यंत्रघुबड होता. इमारतीच्या खिडक्यांवर छायापट्ट्या (उन्हाच्या दिशेनं तिरप्या होऊन सावली धरणारे रुंद पत्रे) होत्या. त्यातल्या एका पट्टीवर दराराला बोल्टनं पक्का केला होता. डोक्यावर काड्या, काड्यांत दोन पिल्लं.

"हलू नकोस," जुईली खिडकीतून म्हणाली.

"हलतो कुठे? माझं काम डोळे वटारणं. मी वटारतोय. वरून शिटतायत."

जुईलीही संतापली होती, पण कबुतरांवर नाही. शेजारचे डबीरकाका सोसायटीचे सेक्रेटरी. उद्या ते सगळ्या पट्ट्यांना चिकट लेप फासणार होते. त्यात पाखरांचे पाय आणि पिसं अडकतात, मग उडता येत नाही. दरारा जाणार होता भंगारात.

काका आत्ता त्यांच्या खिडकीबाहेरच्या पट्टीवर कुरडया घालत होते.

"काका, लेप नका ना लावू. पिल्लं मरतील."

"मला का आनंद आहे, बाळा? पण घाणीनं पट्ट्या फिरवणाऱ्या मोटारी अडकतायत. आणि हे घुबड नुसतं शोभेचं."

"शोभेचं?" दरारा मान गरकन फिरवणार होता, पण पिल्लं आठवून अर्ध्यात थांबला. "मला राग आलाय, तरी क्रमानं सांगतो. आधी कबुतरं मला घाबरली. मग लांबून बघत बसली. मी कुणालाच खाल्लं नाही. त्यांची खात्री पटली. याला सरावणं (तेच ते बघून भीती मोडणं) म्हणतात. तुम्ही नाही का, 'जिन्यात चपला ठेवू नयेत' ही पाटी रोज बघता, आणि तिच्याच खाली—"

"कळलं," काका म्हणाले.

"पण ती इथंच का येतात?" जुईलीनं विचारलं.

"सपाट जागा आहे म्हणून. तीच पंचेचाळीस अंशांहून (काटकोनाच्या निम्म्याहून) जास्त तिरपी केली, की पायांना घर्षण (घसरू न देणारा अडथळा) पुरत नाही. कबुतर घसरतं, चिडतं, दुसरीकडे जातं. त्याला लागत काही नाही. फक्त अपमान होतो."

"पण या पट्ट्या तर तिरप्या होतात ना?"

दरारानं काकांच्या हातातल्या सोऱ्याकडे नुसतं बघितलं.

"काका," जुईली सावकाश म्हणाली, "पट्ट्या सपाट कुणी ठेवल्या?"

"एकमतानं ठराव झालाय. गच्चीभर सोलर पॅनेल. मग लोकांनी वाळवण घालायचं कुठे? तुझ्या आईचे सांडगे वरच्या पट्टीवर आहेत, जाऊन बघ."

"म्हणजे आपणच त्यांना पाट मांडला, ताट वाढलं. आणि जेवायला आली म्हणून आता पाय चिकटवून ठेवणार?"

"आणि मला पंगतीत उभं केलं," दरारा म्हणाला, "डोळे वटारायला."

काका काही बोलणार होते. तेवढ्यात एक कबुतर आलं आणि ओल्या कुरडईचा तुकडा घेऊन गेलं. काकांनी सोऱ्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेपाऐवजी बादल्या आल्या. सगळ्यांनी नाकाला फडकी बांधली, घाण भिजवली आणि पुसून काढली. मोटारी फिरल्या, पट्ट्या चांगल्या तिरप्या झाल्या. वाळवण अंगणात, जाळीखाली गेलं. पट्टी सपाट राहिली ती फक्त दराराची, पिल्लं उडेपर्यंत.

पिल्लं उडाली, तशी तीही पट्टी तिरपी झाली. कबुतरीण परतली, घसरली, आणि रागारागानं नदीकाठच्या कड्याकडे निघून गेली. दराराचे बोल्ट काढले, ते भंगारासाठी नाही. त्याची नेमणूक अंगणात झाली होती, वाळवणावर टपलेल्या कावळ्यांसाठी.

"तेही सरावतील," तो म्हणाला.

"एकाच जागी बसलास तर. तू जागा बदलत राहायचं. मी तुला पाय बसवून देते."

दरारानं विचार केला. "चार बसव," तो म्हणाला. "दोन चालायला, दोन आपटायला."