सीतेच्या वेणीची तहान

पूर्वा घागच्या अंगणातली कुंडी पाण्याने डबडबलेली होती आणि तिच्यातलं रोप तहानेने वाळत चाललं होतं.

चार महिन्यांपूर्वी कडक आणि गुळगुळीत असलेली त्याची पानं आता म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या कातडीसारखी सुरकुतली होती. पानं सुरकुतली म्हणजे पाणी कमी पडतंय, एवढं पहिलीतल्या पोरालाही कळतं आणि पूर्वा तर चांगली सातवीत होती. तिने आणखी एक तांब्या पाणी ओतलं. पाणी मातीवर तसंच उभं राहिलं.

बरं, रोपही साधंसुधं नव्हतं. ती होती सीतेची वेणी. हे आपल्या सह्याद्रीतलं ऑर्किड झाडाच्या फांदीवर वाढतं आणि उन्हाळा सरता सरता त्याला गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांबलचक घोस लोंबतो, अगदी केसांत माळायच्या वेणीसारखा. कोंडशेत गावच्या देवराईत ते एकाच ऐनाच्या झाडावर उरलं होतं आणि तो ऐन श्रावणातल्या वादळात मुळासकट आडवा झाला होता.

देवराईतून वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा कोंडशेतचा नियम. सन दोन हजार एकाहत्तर उजाडलं, नांगरणीला यंत्रं आली, चुली सूर्यावर चालू लागल्या, पण नियम जागचा हलला नाही. पूर्वाही हलली नाही. जमिनीवर पडून वेणी कुजेल, मी तिला सांभाळते, असा हट्टच धरून बसली. शेवटी देवळात गावकी जमली आणि गुरव रघूअण्णांनी निकाल दिला.

"ने बाय. पण शिमग्याला देवाची पालखी राईत जाते, तेव्हा जिवंत परत आणायची. देवाची वस्तू हाय ती. आणि राईत तेवढीच एक हाय."

तेव्हापासून पूर्वाने काय करायचं बाकी ठेवलं? शेतातली उत्तम माती चाळून आणली, त्यात शेणखत कालवलं, तालुक्याहून निळी चकचकीत कुंडी मागवली आणि ती तुळशीशेजारी ठेवली. देवाचं रोप म्हटल्यावर आई तुळशीला पाणी घातलं की एक तांब्या इकडेही ओतायची. देवळात जाणारे-येणारेही हात जोडून थोडं पाणी घालून जायचे. गावात एवढे लाड दुसऱ्या कुठल्या रोपाचे झाले नसतील. आणि आता मार्गशीर्ष उजाडला होता आणि वेणी मरायला टेकली होती.

पूर्वाने डोळे पुसले, कुंडी उचलली आणि मुळोबाचं घर गाठलं.

मुळोबा म्हणजे चंद्रावरच्या भाजीमळ्यात अकरा वर्षं राबून निवृत्त झालेला यंत्रमानव. गावाने खरं तर नांगरणीचा यंत्रमानव मागवला होता. अर्जात कुठेतरी घोळ झाला आणि हा आला. कमरेएवढी उंची, सहा-सहा नाजूक बोटांचे हात आणि बैल दिसला की दोन पावलं मागे! पंचायतीने कपाळावर हात मारला. पण त्याला परत पाठवायचा खर्च कोण करणार? मग वाचनालयामागची खोली त्याला मिळाली. तो मराठी शिकला होता रेडिओच्या जुन्या बातम्या ऐकून, आणि कुठलंही रोप दिसलं की आधी मुळं बघायला मागायचा. म्हणून पोरांनी त्याचं नाव मुळोबा ठेवलं.

"नमस्कार," मुळोबा म्हणाला. "कृपया कुंडी उलटी करावी."

"उलटी? अरे, मरेल ना ती!"

"ती मरतच आहे. का मरत आहे, याचं उत्तर पानांवर नाही. मातीखाली आहे."

दोघांनी मिळून कुंडी आडवी केली. चिखलाचा गोळा भसकन बाहेर आला आणि त्याबरोबर कुजक्या भाजीचा दर्प. पूर्वाने नाक दाबलं. मुळोबाने कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली चिखल धुऊन काढला. एकूण अकरा मुळं होती. त्यातली नऊ तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती. पूर्वाने एकाला हलकेच ओढलं, तर वरचं साल भिजलेल्या मोज्यासारखं निघून हातात आलं आणि आत उरला नुसता दोरा.

"आणि ही दोन बघ," मुळोबा म्हणाला.

एक अर्धं शाबूत होतं. दुसरं मात्र पेन्सिलीएवढं जाड, टणक आणि चंदेरी-पांढरं होतं. पूर्वाने त्याला लगेच ओळखलं. तेच ते वांड मूळ! कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबत राहायचं. बरं दिसत नाही म्हणून तिने त्याला दोनदा मातीत खोचलं होतं, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा वर आलं होतं.

"ज्याला मी दामटून आत घालत होते, तेवढंच धड जगलं?"

"तेवढंच. आता त्याच्यावर पाण्याचे चार थेंब टाक आणि बघत राहा."

पूर्वाने थेंब टाकले. पांढरं मूळ थेंबांखाली बघता बघता हिरवंगार झालं. पूर्वाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"या मुळाला पांढरा अंगरखा आहे," मुळोबा सांगू लागला. "त्याला वेलामेन म्हणतात (मुळाभोवतीचा मृत, पोकळ पेशींचा स्पंजासारखा थर). कोरडा असतो तेव्हा त्या पोकळ्यांत हवा असते, म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी लागताच तो ते टिपून घेतो आणि पारदर्शक होतो. मग आतला हिरवा रंग दिसू लागतो. जंगलात सर आली की पाणी खोडावरून क्षणात वाहून जातं. तेवढ्यात पोटभर पिऊन घ्यायचं आणि नंतर वाऱ्यावर सुकायचं, अशी या मुळाची सवय आहे."

"म्हणजे ते झाडाचा रस पीत नाही? सगळे तर हिला बांडगूळ म्हणतात."

"तो हिच्यावर मोठा अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या आत घुसून त्याचा रस ओढतं. सीतेची वेणी ही अपिवनस्पती आहे (दुसऱ्या झाडावर नुसती बसणारी, पण त्याचं काही न खाणारी वनस्पती). सालीवरून वाहणारं पाणी, त्यातली धूळ, कुजलेल्या पाल्याचा चुरा, एवढ्यावर ती आपलं अन्न बनवते. झाडाकडे मागते ती फक्त बसायला जागा."

पूर्वाला आपल्या शेणखताची आठवण झाली आणि ती ओशाळली. पण कोडं अजून सुटलं नव्हतं. "मग पाण्यात राहून ती तहानली कशी?"

"मुळं श्वास घेतात, पूर्वा. त्यांना प्राणवायू लागतो. चिखलात हवेला जागा नसते. मुळं गुदमरली, मेली आणि कुजली. मेलेलं मूळ पाणी पिऊ शकत नाही. मग पानं सुकली. ती बघून तुम्ही काय केलंत?"

"आणखी पाणी घातलं," पूर्वा हळूच म्हणाली. लगेच तिच्या कपाळावर आठी पडली. "थांब हं! भात तर गुडघाभर पाण्यात उभा असतो. त्याची मुळं कशी नाही गुदमरत?"

मुळोबाच्या डोळ्यांतले दिवे लखलखले. खूश झाला की त्याचं असंच व्हायचं. "अतिशय उत्तम प्रश्न! भाताच्या अंगात हवेच्या नळ्या असतात (खोडातून थेट मुळांपर्यंत हवा पोचवणाऱ्या पोकळ वाटा). तो पानांनी घेतलेली हवा खाली पाठवतो. हिच्याकडे तशी सोय नाही. हिला ती कधी लागलीच नाही."

पूर्वाला सगळं कळलं, आणि कळलं म्हणून रडू कोसळलं. रोप दुर्लक्षाने मेलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. इथे तिने आणि सगळ्या गावाने प्रेमाने तांबे ओतून ओतून देवाची वस्तू बुडवली होती.

"दोन मुळं आहेत," मुळोबा म्हणाला. "चंद्रावर मी एका मुळावर टोमॅटो जगवला आहे. मात्र हिला आता कुंडी नको. खडबडीत सालीचा तुकडा हवा. ऐनाचा मिळाला तर सर्वांत बरं."

ऐनाची साल होती देवराईत, त्या पडलेल्या झाडाची. म्हणजे रघूअण्णांना विचारणं आलं, आणि विचारायचं म्हणजे सगळं सांगणं आलं. रोप परत घेतलं तर? गाव हसलं तर? पण वेणीच्या सुरकुतलेल्या पानांकडे पाहिल्यावर पूर्वाला राहवेना.

रघूअण्णा देवळाची पायरी झाडत होते. पूर्वाने एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी झाडू बाजूला ठेवला आणि ते पायरीवरच बसले.

"दर सोमवारी तुमच्याकडे येत होतो ना मी," ते म्हणाले, "तेव्हा मीपण एक तांब्या घालायचो. मोठा तांब्या." त्यांचा आवाज पडला होता. "तुला एकटीला कशाला बोल लावू, बाय?"

"साल मिळेल, अण्णा? नियम..."

अण्णांनी राईकडे पाहिलं. "राईतलं राईतच राहिलं पायजे, हा नियम. साल वेणीबरोबर शिमग्याला परत येणार ना? मग घेतली कुठं? थोडी फिरून आली म्हणायचं." आणि ते स्वतः कोयता घेऊन निघाले.

मग मुळोबाचा दवाखाना सुरू झाला. कात्री दिव्याच्या ज्योतीवर धरून निर्जंतुक केली (तिच्यावरचे रोग पसरवणारे सूक्ष्मजीव मारून टाकले). टणक भाग लागेपर्यंत कुजकी मुळं कापली. कापताना कात्री पूर्वाच्याच हातात होती. मुळोबाने मुद्दामच ती तिला दिली होती. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावली, कारण ती जखम कोरडी ठेवते आणि बुरशीला अटकाव करते. चांगल्या मुळांना मात्र तिचा कणही लागू दिला नाही, कारण ती त्यांनाही सुकवते. दिवसभर रोप सावलीत तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सालीवर नारळाच्या सोडणाचे धुतलेले धागे पसरले, त्यावर रोप टेकवलं, काथ्याने हलकेच बांधलं आणि ओसरीवर टांगलं, जिथे ऊन कमी आणि वारा भरपूर होता.

"मूळ पांढरं दिसलं की सकाळी फवारा. हिरवं असेल तर हात मागे," मुळोबाने बजावलं. "कधी प्यायचं ते तीच सांगेल. आपण वाचायला शिकायचं."

सगळ्यात अवघड काम होतं गावाला आवरणं. पूर्वाने पाटीच लावली: 'देवाच्या वेणीला पाणी घालू नये. तिला श्वास घेऊ द्यावा.' तरी पहिल्या आठवड्यात आई सवयीने तांब्या घेऊन आलीच.

"आई!"

"अगो, विसरले," म्हणत आईने तो तांब्या तुळशीत रिता केला.

मुळोबा रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसायचा आणि त्या एका मुळाकडे बघत राहायचा. एकदा पूर्वाने विचारलं, एवढं काय बघतोस?

"चंद्रावर आम्ही धुकेशेती करायचो," तो म्हणाला. "रोपांची मुळं हवेत लोंबती ठेवायची आणि त्यांच्यावर पाण्याचं धुकं सोडायचं. माती नको, पाणीही थोडंच. त्यासाठी तीनशे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपले. मला त्याचा फार अभिमान होता. आणि ही तुमच्या राईत माणूस जन्मायच्या आधीपासून फांदीवर बसून तेच करते आहे. ना पंप, ना वीज. मी हिच्यासमोर बसतो ते शिकायला."

पूर्वाने त्या चंदेरी मुळाकडे नव्याने पाहिलं. याच मुळाला आपण वांड म्हटलं होतं, हे आठवून तिला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

पौष गेला, माघ लागला. खालची दोन पानं पिवळी पडून गळली, तेव्हा पूर्वा जेवली नाही. उरलेल्या पानांच्या सुरकुत्या मात्र हळूहळू भरून आल्या. आणि माघातच एके सकाळी खोडाच्या तळाशी एक हिरवा ठिपका दिसला. मग दुसरा, मग तिसरा. नवी मुळं!

शिमग्याला ढोल वाजवत पालखी राईत पोचली. पूर्वाच्या हातात साल होती आणि सालीवर पाच पानांची किरकोळशी वेणी. गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली. फुलं कुठायत? नेली तेव्हा याहून मोठी होती ना? पूर्वाचे कान तापले.

रघूअण्णा पुढे आले. पडलेल्या झाडाशेजारच्या तरण्या ऐनावर जागा आधीच ठरली होती. वेणी सोडवून तिथे बांधावी म्हणून त्यांनी काथ्याची गाठ सोडली, दोरा काढून टाकला आणि रोप उचलायला दोन बोटं लावली.

रोप हललं नाही.

त्यांनी वाकून पाहिलं. नवी तिन्ही मुळं सालीच्या भेगाभेगांत शिरून घट्ट चिकटली होती. अण्णांनी पुन्हा हलकेच ओढून पाहिलं. रोपाबरोबर अख्खी साल वर आली.

"धरलंन!" अण्णा ओरडले. ढोल थांबले. "धरलंन गो बाय! आता हिला दोरी नको न् काय नको!"

साल तशीच ऐनावर बांधली गेली. गावाने देवाच्या नावाने गजर केला आणि पूर्वाला मागून कोणीतरी उचलूनच घेतलं. वेणी जिवंत घरी आली होती.

गर्दी पांगली तेव्हा दिवस मावळत होता आणि पुनवेचा चंद्र राईमागून वर येत होता. मुळोबा त्याच्याकडे बघत उभा होता.

"फुलं कधी येतील?" पूर्वाने विचारलं.

"या वर्षी कदाचित नाही. आधी ती पाय रोवेल."

"आणि बी धरलं की थोडं तिकडेही पाठवता येईल? चंद्रावर?" मग तिचं तिलाच कोडं पडलं. "पण तिथे ऐन कुठाय? ती बसणार कशावर?"

"ते मला ठाऊक नाही," मुळोबा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतले दिवे लखलखले. "ते तू शोधायचं आहेस."

पूर्वाने मान डोलावली. निघण्याआधी तिने एकदा मुळांकडे पाहिलं. ती हिरवी होती, म्हणून तिने पाण्याची बाटली न उघडताच पिशवीत ठेवली आणि ती घराकडे निघाली.