पानं पांढरी, पाणी काळं

दुपारी जेवायला म्हणून मी दुकानाचं शटर अर्ध्यावर आणलं होतं. तेवढ्यात एक उंच माणूस कमरेत वाकून आत आला आणि त्याने काउंटरवर फिल्मचा रोल ठेवला.

"हा धुऊन मिळेल?"

"रोल धुणारे शेजारी होते. त्यांचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. इथे फक्त एडिटिंग आणि प्रिंट."

"बरं," तो म्हणाला, पण हलला नाही. "तसाही धुऊन उपयोग नाही. मी तो उजेडात उघडलाय."

मग आणलात कशाला, असं तोंडावर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून मी "बसा" म्हणाले. तिथेच माझं चुकलं.

त्याचे वडील चाळीस वर्षं हौसेने इन्फ्रारेड फोटो काढत. आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ती फिल्म टिपते. झाडांची पानं बर्फासारखी पांढरी येतात आणि आकाश काळंभोर. हा त्यांचा शेवटचा रोल. त्यानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला. रोल कॅमेऱ्यातून काढायचं काम याच्याकडे आलं, आणि जे मिट्ट अंधारात करायचं ते याने खिडकीपाशी केलं. दोन महिने वडील रोज विचारत होते, आला का धुऊन? आणि हा सांगत होता, लॅबमध्ये गर्दी आहे.

वडिलांनी ते फोटो काढले त्याच दिवशी, त्याच जागेवरून याने मोबाईलवर साधे रंगीत फोटो काढले होते. तळं, झाड, झाडाखाली बाकड्यावर बसलेली आई.

"यातल्या एकाला तरी तसं रूप देता येईल?"

"दोन दिवसांत देते," मी म्हणाले.

पाच आठवडे लागले.

पहिल्या वेळी मी फोटो कृष्णधवल केला, हिरवा-पिवळा उजळवला, निळा दाबला, वर थोडी चमक आणि फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे टाकले. स्वतःवरच खूश होते मी. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा. तसाच मान तिरपी करून स्क्रीनकडे बघत राहिला.

"बाकडं पांढरं झालंय."

"हिरवं आहे ना ते. जे जे हिरवं, ते पांढरं होणार."

"तुमच्या सॉफ्टवेअरला रंग कळतो. फिल्मला पान कळतं. बाकड्याला ऑइलपेंट आहे... ते गडदच राहील."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर जास्त डोकं फिरलं. मी बाकडं कडेकडेने निवडून वेगळं केलं. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "तळ्याचं तुम्ही दूध केलंय. पाणी काळं हवं." त्याच्या पुढच्या खेपेला आईच्या गालावर पानाची चमक सांडलेली निघाली.

"तुम्ही गिऱ्हाईक आहात की परीक्षक?"

"चहा मागवू?"

"विषय बदलू नका."

"बदलत नाही. चिडल्यावर तुमची भुवई वर जाते... एकच. डावी."

"लोकांचे डोळे दुकानात तपासा. इथे नको."

प्रिंटिंग सांभाळणाऱ्या माझ्या वहिनीने मशीनमागून विचारलं, "या एका फोटोत इतकं काय आहे गं?" माझ्या संगणकात त्या फोटोच्या एकोणीस फाइली होत्या आणि त्यातली एकही पुसावीशी वाटत नव्हती, हे तिला कोण सांगणार.

शेवटी प्रिंट निघाली. सुंदर होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि हळूच विचारलं, "मागे फिल्म धुणाऱ्या लॅबचा शिक्का मारता येईल? तारखेसकट?"

माझा पारा चढला. "पाच आठवडे मी जीव ओतला, तो तुमच्या वडिलांना फसवायला? खरं सांगणार असाल तर न्या. नाहीतर राहू द्या इथेच."

त्याने प्रिंट काउंटरवर ठेवली. "तुम्ही याल बरोबर? एकट्याने जमलं असतं तर मी तीन महिने थापा मारल्या नसत्या."

त्याच्या घरी वडील खिडकीशी भिंग घेऊन बसले होते. तो काही बोलायच्या आत त्यांनी डाव्या हाताने प्रिंट ओढून घेतली. सगळी प्रिंट पाहून झाल्यावर म्हणाले, "यात वारा नाही. माझ्या कॅमेऱ्याचा पडदा इतका वेळ उघडा राहायचा की पानं हलून जायची. इथे एकही पान हललेलं नाही. कुणी केलंय हे?"

"मी केलंय, काका," मी म्हणाले. मग त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत सगळं बोलला. खिडकी, रोल, तीन महिने.

"रोल गेला त्याचं वाईट वाटतंय," वडील म्हणाले. "पण तू रोज माझ्या तोंडावर खोटं बोलत होतास, त्याचं जास्त. तुझ्याशी मी नंतर बोलेन." मग बराच वेळ ते भिंगातून बायकोचा चेहरा पाहत राहिले. "ही मात्र हुबेहूब आलीय. पोरी, वारा घालता येईल?"

मी डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि "येईल" म्हणाले.

जिना उतरताना तो मधल्या पायरीवर थांबला. थांबला तो थांबलाच.

"काहीतरी बोला."

"गुरुवारी येऊ का दुकानात?"

"फोटो काकांचा आहे आता. मी त्यांनाच दाखवीन."

"फोटोसाठी नाही... तुझ्याशी बोलायला." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, तुमच्याशी. मला तुम्ही... फार आवडता. पहिल्या आठवड्यापासून. बाकडं मात्र खरंच चुकलं होतं, ती चूक मुद्दाम नव्हती काढली."

पाच आठवडे या माणसाने मला बारीकसारीक सगळं ऐकवलं, आणि मुख्य गोष्ट अंधाऱ्या जिन्यात, अडखळत. मी त्याचा हात धरला आणि खाली ओढला.

"चल. आणि आता परत 'तुम्ही' म्हणालास तर बघ."