थॉर्नशॉची वेस

बस मिलिंद, तो दिवा जरा इकडे ओढ. हरीशने तुला का पाठवलंय ते मला ठाऊक आहे. "बाबांना गाडीत घाल आणि मिल्टन कीन्सला घेऊन ये," असंच म्हणाला असेल. माझा मुलगा वाईट नाही, पण मी येणार नाही. तू आत येताना गेटची कडी लावलीस, ती मी जाऊन पुन्हा काढली. मग दोन माणसांत तीन कप चहा ओतला. तू गालात हसलास ते मी पाहिलं. हस की. चहा घे, आणि कारण ऐकून जा.

येताना गाव पाहिलंसच. गाव आपलं म्हणायचं. मँचेस्टर पसरत पसरत आलं आणि थॉर्नशॉ त्याच्या पोटात गेलं. तरी जुनं अजून दिसतं. वाकड्या मनोऱ्याचं चर्च, बदकांचं तळं. लोहाराच्या भट्टीच्या जागी आता केस कापतात. घोड्यांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत कौन्सिल फुलं लावतं. दूध-ब्रेड आणायला मी रोज त्याच वाटेने जायचो. ट्रामच्या स्टेशनाच्या अलीकडे कुंपणात अर्धा बुडालेला एक दगड उभा आहे. कमरेइतका, शेवाळलेला. त्याच्या पुढे राउंडअबाउटचा गोल चौक आणि मोठा रस्ता.

मी जन्मभर कोकणात एसटी चालवली, मग हरीशने आम्हा दोघांना इथे आणलं. शाळा चौथीपर्यंतच. पण घाटाच्या तोंडाशी गाडी हळू करून देवाला हात जोडल्याशिवाय कधी उतार धरला नाही. तो दगड पहिल्यांदा दिसला तेव्हा हात आपोआप जोडले गेले. वेशीवरचा राखणदार, दुसरं काय असणार?

शेजारची डोरीन मागून कुत्रा घेऊन येत होती. कुत्रा त्या दगडाशी आला की रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. माझं इंग्रजी जेमतेम, म्हणून डोरीन सावकाश बोलायची, आणि इथल्या रीतीने सगळ्यांनाच लव्ह म्हणायची. तिने सांगितलं, ही चर्चच्या हद्दीची खूण. ती लहान होती तेव्हा वर्षातून एकदा सगळं गाव हद्दीवरून फिरायचं आणि छड्यांनी हे दगड बडवायचं. पुढे ते बंद पडलं.

"हात जोडायचे तर जोड," ती म्हणाली, "पण त्याच्याकडे काही मागू नको, लव्ह."

मी हसण्यावारी नेलं.

मग हरीशच्या आईला विसर पडायला लागला. आधी आमटीतलं मीठ, मग माणसांची नावं, मग मी. विहिरीवर जाते म्हणून घराबाहेर पडायची. एका सकाळी पोलिसांनी तिला मोठ्या रस्त्यावरून, लॉऱ्यांच्या मधून उचलून आणली. पायात चप्पल नव्हती. त्या दिवशी हरीश आणि सूनबाई कस्तुरी स्वयंपाकघरात हळू आवाजात केअर होमचं बोलायला लागले. कस्तुरी रडत होती, तिचाही दोष नव्हता. पण मी मनाशी ठरवलं, हिला कुठे पाठवायची नाही.

दुपारी सुपरमार्केटातून नारळ आणला. इथल्या नारळाला शेंडी नसते, अगदी बोडका. नोव्हेंबर होता. चार वाजताच अंधारून आलं होतं, धुकं उतरलं होतं, ओल्या पानांचा कुजका वास येत होता. दगडाशी नारळ फोडला, एक भकल ठेवलं आणि आमच्याकडे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, हो नारळ मान्य करून घे. माझ्या बायलेक वेशीभायर जावक दिव नको."

आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याने घालत नाहीत. एक जण बोलतो, आणि मागचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तेव्हा ते देवाला पोचतं. इथे माझ्यामागे कोण होतं? तरी सवयीने मी थांबलो...

आणि कुंपणातून काहीतरी आलं. शब्द नव्हता तो. खूप माणसांनी मिळून श्वास सोडावा तसं. त्याच्यामागून दगडावर छड्यांचा हलका आवाज... मग सगळं शांत.

तेव्हापासून ती कितीदाही बाहेर पडली तरी दगडापाशीच सापडायची. एक पाऊल पुढे नाही. छातीसमोर कुणी आडवा हात धरलाय, अशी उभी. हरीशला बरं वाटलं, होमचं बोलणं थांबलं. मलाही बरं वाटलं. दर अमावास्येला मी नारळ देत राहिलो.

दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. ॲम्ब्युलन्स आली. मी आणि हरीश तिच्याबरोबर बसलो. दगडाशी आलो आणि इंजिन बंद पडलं. दुसरी गाडी मागवली, ती समोरून येऊन राउंडअबाउटवरच बंद पडली. इंजिन कशाकशाने थांबतं ते मला कळतं रे. हे त्यातलं नव्हतं. हिचे ओठ निळे पडत चालले होते.

मी खाली उतरलो. हरीशने बाही ओढली, बाबा काय करताय म्हणाला. मी बाही सोडवून घेतली. नारळ नव्हता, रिकामे हात जोडले.

"हिका जावक दी म्हाराजा. गेलेली माझ्या दारात परत हाड. तेच्या बदल्यात मी तुझी वेस कधी वलांडूचंय नाय."

मी थांबलो. कुंपण गप्प होतं. धुक्यात ॲम्ब्युलन्सचा निळा दिवा तेवढा फिरत होता. आणि गाडीतून, मास्कच्या आडून, वर्षभर माझं नाव न आठवलेली माझी मधुमती स्पष्ट बोलली.

"व्हय म्हाराजा."

इंजिन सुरू झालं. मी खालीच उभा राहिलो.

ती बरी होऊन घरी आली. एक वर्ष मिळालं आम्हाला, चांगलं मिळालं. मग याच घरात झोपेत गेली. स्मशान ट्रामलाइनच्या पलीकडे. काळी गाडी दगडाशी क्षणभर हळू झाली आणि पुढे गेली. मी दगडाच्या अलीकडे उभा. बायकोला पोचवायलाही हा माणूस आला नाही, असं लोक म्हणाले. हरीश किती दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे नोकरीसाठी तो मिल्टन कीन्सला गेला. मी शब्द दिला होता, मी इथेच राहिलो.

पण मिलिंद, मी काय मागितलं होतं, आठव. गेलेली माझ्या दारात परत आण. माझ्या मनात हॉस्पिटल होतं. तसं मी तोंडाने बोललो नव्हतो.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावतो, हरीशचं आणि कस्तुरीचं भलं कर म्हणतो. एकदा असाच थांबलो, तर लांबून उत्तर आलं. दगडाच्या बाजूने. "व्हय म्हाराजा..." तिचाच आवाज. काही दिवसांनी तो केस कापायच्या दुकानाकडून आला, मग तळ्याकडून. मागच्या आठवड्यात डोरीनच्या कुंपणामागून. तिचा कुत्रा आता घराबाहेरच पडत नाही. काल गेटशी आला... आणि कडी हलली. बराच वेळ हलत होती.

भीती वाटते का विचारतोस? वाटते. बोलून चालून मेलेलं माणूस. पण एकदा मी तिला वेशीवर अडवून ठेवली होती. आता माझ्याच गेटवर तिष्ठत ठेवणार नाही. म्हणून कडी काढली.

नीघ आता, उशीर होईल तुला. हरीशला सांग, बाबा आपल्या मर्जीने राहिलेत.

तो तिसरा कप राहू दे, उचलू नको. मघाशी तुझ्यासमोर काठोकाठ ओतला होता ना मी?... आपण दोघांनी हात लावला नाही त्याला. बघ, अर्धा झालाय.

जाताना गेटची कडी लावून घे, बाळा. आता उघडं ठेवायचं कारण नाही.