न मरणारी भुकटी

चंद्रपुरात आता कशालाच वास येत नव्हता. फोडणीला नाही, गटाराला नाही, डोक्यात माळलेल्या मोगऱ्यालाही नाही. हवा मात्र धुतल्यासारखी. लहानू ठेंगण्याची आई धुरानं खोकून खोकून गेली होती. आताच्या पोरांना तसला खोकला ठाऊकच नव्हता. धूर मारला तो हस्तकबाईंच्या प्रयोगशाळेनं आणि तिथली भट्टी आपण चालवली, याचा लहानूला मोठा तोरा होता. काल लेक निरंजना बाळंत झाली आणि तो तोरा उतरला.

पोर अंगावर पीतच नव्हतं. छातीशी धरलं तरी मान फिरवायचं, कायतरी शोधायचं, रडून लाल व्हायचं.

निरोप मिळाला तशा हस्तकबाई आल्या.

"डॉक्टरीण म्हणते पोर धडधाकट आहे. मग पीत काहून नाही, बाई?"

बाईंनी पोराच्या दुपट्यावरून बोट फिरवून पाहिलं. "लहानूभाऊ, आपली भुकटी आठवते?"

न आठवायला काय झालं! धातूचे डोळ्याला न दिसणारे कण. धूर त्यांना शिवला की जळून साफ. पण भट्टीत तापले की पाकातल्या तिळासारखे एकमेकांना चिकटायचे. गोळा झाला, की भुकटी मेली. मग बाईंनी एकेका कणावर ऑक्साइडचं कवच चढवलं, माठासारखं झिरपणारं. धूर आत जाई, पण कणाला कण भेटेना. कितीही तापवा, मरेना. त्या दिवशी लहानूनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

"कारखान्यांच्या धुराड्यांत बसवली, तिथून ती उडाली, भाऊ. भिंतींवर बसली, कपड्यांवर बसली, अंगावर बसली. अंगाच्या उबेवरही चालते ती. धूर संपला, आता वास खाते. आणि नवं पोर आईला वासानंच ओळखतं."

"हात्तिच्या! धुऊन काढू की."

"काढा. हवेतून पुन्हा बसेल."

"मग मरेल कधी?"

"मरू नये म्हणूनच तर केली ना आपण."

लहानूला आईचा पदर आठवला. कोळशाच्या धुरानं नुसता घाणायचा. कितीदा नाक मुरडलं होतं त्यानं.

वाटीचमच्यानं दूध पाजलं, तेव्हा कुठं पोर निवलं. शेजारणीनं घेतलं, लहानूनं घेतलं, मग बाईंच्या मांडीवर झोपलं. बाईंनी अवघडून ते निरंजनाकडे सरकवलं.

"राहू द्या तुमच्यापाशीच," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "त्याला काय, सारखंच."