नाल्यातलं हिरवं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत खेकडे धरायला रुबीना, सुनील आणि त्याची बहीण संगीता पुसदबाहेरच्या नाल्यात उतरले. तासभर दगड उलथले, पण एक खेकडा दिसेल तर शपथ. पाणी मात्र हिरवट होतं, कुणीतरी रंग कालवल्यासारखं.

"याच पाण्यात माय कपडे धुते," संगीता म्हणाली. "तिच्या हाताले फोड आले. खाज जाऊनच नाही राह्यली."

रंग येतो कुठून, हे शोधायचं ठरलं. रुबीना सगळ्यांच्या पुढे. ज्यानं हे केलं त्याला गावासमोर उभं करू, असं ती तावातावानं सांगत होती. वळणावर झुडपात हिरवं पाणी ओकणारा एक पाइप दिसला. वर पत्र्याची शेड होती. रुबीना जागीच थबकली. ती शेड तिच्या अब्बांची, मुख्तारभाईंची होती. तिथं ते गाड्यांच्या सुट्या भागांवर निकेल चढवत.

सुनील-संगीता पाइपावरून नजर काढून तिच्याकडे बघू लागले. त्यानं तिला जास्तच लाज वाटली.

घरी विचारलं, तर अब्बा म्हणाले की आपलं पाणी खड्ड्यात मुरतं, नाल्याशी संबंध नाही. दुसऱ्या सकाळी रुबीनानं स्वतः पाइपाच्या तोंडात चिंध्या आणि चिखल गच्च ठासला. दुपारी शेडमध्ये हिरवं पाणी तुंबलं. गमबूट घातलेले अब्बा मधोमध उभे आणि दारात ही तिघं.

"अब्बा, हे पाणी संगीताच्या मायच्या, रुपीकाकूच्या हाताले लागून राह्यलं," रुबीना म्हणाली.

अब्बांची मान खाली गेली. त्यांनी लगेच काम थांबवलं.

उपाय संगीताकडे होता. संत्र्याच्या सालींना पाण्यातले धातू चिकटतात, हा प्रयोग तिनं विज्ञान प्रदर्शनात केला होता. तिघांनी ज्यूसच्या गाड्यांवरून साली आणि तेलघाण्यावरून शेंगांची टरफलं आणली, धुतली, वाळवली, कुटली. अब्बांनी ड्रममध्ये थर भरले. तरी रंग उतरेना. शेवटी विज्ञानाच्या फरहाना मॅडमनी सांगितलं, की आधी चुना घालून पाण्यातलं आम्ल कमी करा. मग पाणी निवळलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेनंही तपासून सांगितलं, की निकेल खूपच उतरलंय. आता ते पाणी शेडमध्येच पुन्हा वापरतात. वापरलेल्या साली शेतात न टाकता झाकणाच्या पिंपात ठेवतात.

मॅडमनी तिघांची पाठ थोपटली. अब्बा रुबीनाला घेऊन सुनील-संगीताच्या तांड्यावर गेले आणि त्यांनी रुपीकाकूंची माफी मागितली.  काकू रुबीनाकडे वळल्या.

"लय हिमतीची पोरगी हायेस तू," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तो हात अजून खरबरीत होता. रुबीनाला वर बघवलं नाही.