बाळाचे पाय झाका

आमच्या नानचांग शहरात हिवाळ्यात मूल घेऊन बाहेर पडायचं, तर आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागते. ओळखदेख लागत नाही. कोपऱ्यावर शेकत बसलेली कुठलीही म्हातारी उठते, मुलाचा पाय चाचपून बघते आणि आईला झापते. पाय उघडे टाकलेत, मान उघडी टाकलीय, अक्कल आहे का तुला? माझ्या आईनं ही बोलणी खाल्ली, माझ्या लेकाच्या वेळी मी खाल्ली. आणि दत्तक मूल न्यायला येणारे परदेशी आईबाप तर इतकी खातात, की मी त्यांना विमानतळावरच सांगून ठेवते, घाबरू नका, ही माया आहे.

मी त्यांची दुभाषी. नाव वान श्वेछिन, पण ते त्यांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून त्यांच्यापुरती आयव्ही.

त्या जानेवारीत नोरीन आली. अमेरिकेत शाळेचं स्वयंपाकघर सांभाळणारी, उंच, रुंद खांद्यांची, लग्न न केलेली बाई. मुलीचा एक फोटो तिच्या गळ्यातल्या पिशवीत असायचा आणि तो ती कुणालाही दाखवत नसे, मलासुद्धा नाही. "हातात आली की दाखवीन," म्हणायची. मुलीला अनाथाश्रमातल्या दाया दौदौ म्हणत, म्हणजे वाटाणा नाहीतर घेवड्याचा दाणा, असलं लाडाचं नाव. ती दुसऱ्या दिवशी मिळायची होती, आणि आदल्या संध्याकाळी संचालकबाईंचा फोन आला. मुलीला ताप आहे, तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलंय, भेटता येणार नाही, थांबा.

"किती ताप?" नोरीननं विचारलं.

"थोडासा," मी म्हणाले. संचालकबाई थोडासा म्हणाल्या नव्हत्या.

खोलीत तिच्या पलंगाशेजारी हॉटेलवाल्यांनी छोटा पाळणा आणून ठेवला होता. त्याच्याकडे बघत बसणं तिला जमेना. मग आम्ही चालायला लागलो. सकाळी कालवलेल्या शेवया आणि मातीच्या बुडकुल्यातलं सूप पोटात घालायचं आणि पाय नेतील तिकडे निघायचं. नदीचा बंधारा, पॅगोडामागच्या गल्ल्या, डोक्यावर दोरीला खारवलेलं मांस टांगलेलं, विजेच्या तारांवर वाळत टाकलेल्या गोधड्या. नोरीनला सगळ्याचं कुतूहल. कोबी कसा खारवता, पत्त्यांचा डाव कसा मोजता. बाई जिवाची घालमेल लपवायला प्रश्न विचारत होती, हे मला कळत होतं.

अशाच एका गल्लीत एक म्हातारी ओरडली, "अगं ए विलायती बाई! बाळाचे पाय झाक की! निळे पडलेत!"

मी मागे वळून बघितलं. मूल कुठंच नव्हतं.

"काय म्हणतायत त्या?" नोरीननं विचारलं.

"थंडी फार आहे म्हणतायत." म्हातारीला मोतीबिंदू असणार, असं मी मनात म्हटलं आणि पुढे झाले.

पुढच्या वळणावर चहात उकडलेली अंडी विकणारी बाई पैसे देताघेता हळूच म्हणाली, "झोपलंय वाटतं पाठीवर. मान बघा, लोंबतेय." ही माझ्याच वयाची, चांगल्या तीक्ष्ण नजरेची होती.

मला आता गंमत वाटायला लागली होती. माझा स्वभावच तसा आहे, गाठ दिसली की उकलून बघायची. मी नोरीनला मुद्दाम मोठ्या रस्त्यानं, दुकानांच्या झगमगाटातून नेलं. कुणी ब्र काढला नाही. पुन्हा गल्लीत वळलो, की लगेच सुरू. मी पुढे चालून बघितलं, मागे चालून बघितलं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा नोरीनच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली.

शेवटी भाजी निवडत बसलेल्या एकीला मी सरळच विचारलं, "काकू, बाळानं काय घातलंय?"

"थट्टा करतेस का माझी?" ती म्हणाली. "फुलाफुलाची झोळी आहे, डोकं भादरलंय, आणि पायात काही नाही. ताप भरेल त्याला. लाज नाही वाटत?"

हॉटेलवर आल्यावर मी नोरीनला म्हटलं, एकदा तो फोटो दाखवा ना. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, काढून दिला. खरजेमुळं डोकं भादरलेली एक पोर, फुलाफुलाच्या झोळीत, कॅमेऱ्याकडे रागानं बघत होती.

"आयव्ही," नोरीन म्हणाली, "माझा डावा खांदा दुखतोय. आल्यापासून. काही उचललेलं नाही मी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुपारपर्यंत तरी पोरीचा ताप उतरला नव्हता. संचालकबाई आता माझा फोनही घेत नव्हत्या.

सकाळी मी एकटीच त्या पहिल्या म्हातारीकडे गेले. ल्वो आजी म्हणतात तिला. निखाऱ्यांच्या टोपलीवर पाय ठेवून बसली होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हसेल.

"भ्यालंय पोर," ती म्हणाली. "ताप कसला घेऊन बसलीस! जीव अंगातून निघून त्या बाईच्या पाठी लागलाय. आई आली म्हणून कळलं असेल, धावत आलं. आता परत न्यायला नको का कुणी? हाका मारत घरी न्यायचं. जिथं ते निजतं तिथं. एवढंही शिकवलं नाही तुझ्या आजीनं?"

शिकवलं होतं. लहानपणी मी विहिरीवर घाबरून आजारी पडले, तेव्हा आजी माझं झबलं हातात घेऊन विहिरीपासून घरापर्यंत हाका मारत आली होती, आणि घरातून आई माझ्या वतीनं ओ देत होती. कॉलेजात गेल्यावर हे मी मैत्रिणींना हसून सांगायची. आता हसू येत नव्हतं.

नोरीनला मी एवढंच सांगितलं, की आमच्याकडे आजारी मुलाच्या आईनं असं करायची रीत आहे. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. बॅगेतून नवंकोरं लाल झबलं काढलं आणि हाकेचे शब्द माझ्याकडून घोकून घेतले.

प्रश्न एकच होता, न्यायचं कुठं? तालुक्याच्या दवाखान्यात आम्हाला कुणी पाऊल टाकू दिलं नसतं. मी विचार केला, तिचा पाळणा तर इथं मांडलाय, तिची आई इथं आहे. आता हेच तिचं निजायचं ठिकाण. मला तेव्हा ते अगदी सरळ वाटलं.

दिवेलागणीला ल्वो आजीच्या गल्लीतून आम्ही निघालो. नोरीन झबलं धरून पुढे, वाकडेतिकडे उच्चार करत, "दौदौ, घरी चल गं! भिऊ नको, घरी चल!" पत्ते खेळणारे थांबले, पण कुणी हसलं नाही. एक बाई तर दाराशी उभी राहून डोळे पुसत होती.

हॉटेलशी आल्यावर मी पुढे पळाले. खोलीत उभं राहून ओ देणं माझं काम होतं.

मी दार उघडलं. बाहेरच्या व्हरांड्यातून नोरीनची हाक येत होती.

पाळण्याची गादी मधोमध दबली.

मी बघत राहिले. ती हलकेच हलली आणि तशीच दबलेली राहिली.

"दौदौ, घरी चल!" नोरीन दारात आली.

"आले गं, आले," मी म्हणाले.

नोरीननं झबलं पाळण्यात ठेवलं, खांदा फिरवून बघितला आणि रडायला लागली. "गेलं," म्हणाली. "ओझं गेलं."

सकाळी फोन आला. ताप एकदम उतरलाय, पोर ताजीतवानी आहे, घेऊन येतोय. नोरीननं मला अशी मिठी मारली की माझी हाडं वाजली. मीही रडले. का नाही रडायचं? बाईनं त्या मुलीसाठी जिवाचं रान केलं होतं.

दाईनं मुलीला नोरीनच्या हातात दिलं. भादरलेलं डोकं, फुलाफुलाची झोळी, सगळं तेच. "गुणी झालीय," दाई म्हणाली. "आधी गळा फाडून रडायची. ताप उतरल्यापासून हूं नाही की चूं नाही."

पोर हसत होती. नोरीननं चेहरा दूर धरला तरी हसत होती, जवळ घेतला तरी तशीच.

नोरीनला तिला गल्लीत दाखवायची हौस. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचं पुढचं विमान होतं, म्हणून आम्ही लगेच निघालो. वाटेत मुलीनं दोन्ही मोजे पायातून उडवले. मी ते उचलले, पण घातले नाहीत. बोलणी खाऊ दे की एकदा खरीखुरी, असं मला वाटलं. नोरीनही हसली, म्हणाली, "आता ओरडतील बघ!"

अंडीवालीनं नोरीनला हात केला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

भाजी निवडणाऱ्या काकूंनी मान वर केली, परत खाली घातली.

उघडे पाय हवेत हलत होते. गल्ली संपत आली, कुणी काही बोललं नाही.

ल्वो आजी टोपलीवरून उठली. आता येईल, पाय चाचपेल, म्हणून मी वाट बघत राहिले. ती नोरीनच्या अगदी पुढ्यात आली, तिच्या मागे डोकावली, मग माझ्याकडे वळली.

"आज एकटीच हिंडतेय ही? बाळ कुठं ठेवलं?"

मला खोलीतला पाळणा आठवला, मधोमध दबलेली त्याची गादी.

"काय म्हणतायत?" नोरीननं मुलीला छातीशी घट्ट धरत विचारलं. तिचा चेहरा इतका उजळला होता, की मला तिच्याकडे बघवेना.

"गोड आहे म्हणतायत," मी म्हणाले.

"तान्ह्या पोराला कुणी खोलीत एकटं टाकतं का?" ल्वो आजी माझ्यावर खेकसली. "जा आधी. रडून रडून घसा बसला असेल त्याचा."

नोरीननं तिला वाकून नमस्कार केला. तिच्या खांद्यावरून ती पोर माझ्याकडे बघून हसत होती.