अंगठ्याची जागा

मोबाइल खाली ठेवा बघू सगळ्यांनी. किती वाजले ते मला कुणी विचारू नका, माझ्या हातात घड्याळ नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय. आणि धाकटे, तुला बाथरूमला जायचं असेल तर आत्ताच जाऊन ये. मागच्या वेळी गोष्ट संपल्यावर मलाच दाराशी उभं केलं होतंस, गाणी म्हणायला लावून. नाही जायचं? बरं. मग तक्रार नको.

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या मित्राची आहे. तुम्हीही त्याला पाहिलंय. बाजारात जिन्याखाली त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्याला सेकंदराव म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की हा मान वर न करता म्हणणार, "एक सेकंद." आणि त्याचा सेकंद अर्ध्या तासाचा. दुकान एवढुसं की आत दोघं बसले तर तिसऱ्याने पोट आत घेऊन उभं राहायचं. तो तिसरा मी. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझी संध्याकाळ तिथेच जायची.

हात त्याचा सोन्याचा होता. उजव्या डोळ्यात ते काळं भिंग अडकवलं की जगाशी संबंध संपला. दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर स्वतःच्या मनगटावर बांधून त्याची चाल तपासायचा, त्यामुळे कधीकधी दोन्ही हातांत मिळून चार घड्याळं असायची. वेळ विचारली की म्हणायचा, "कुणाची सांगू?" पण एक खोड वाईट. बंद घड्याळ नुसतं चालू करून परत द्यायला त्याच्या जिवावर यायचं. पट्टा बदलणार, काच बदलणार, कडेला पॉलिश मारणार. "माझ्या हाताखालून गेलेलं घड्याळ जुनं दिसलं तर लाज माझी जाते," म्हणायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

मागच्या नोव्हेंबरात, दहा तारखेला, सोमवारी दुपारी दुकानात एक बाई आली. शाळेतल्या शिपायाची बायको. हो, तोच शिपाई, घंटावाला. तुमच्या बापांना विचारा, त्याच घंटेवर ते शिकले. घंटा म्हणजे काय, ओसरीत टांगलेला रुळाचा तुकडा. चौतीस वर्षं तो टोल एकट्या त्याने दिला. आणि द्यायच्या आधी त्याची एक सवय होती. डाव्या मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवरून उजवा अंगठा एकदा फिरवायचा, पुसल्यासारखा. मग वेळ बघायची. मग टोल. रोज आठ-दहा वेळा, चौतीस वर्षं. जुन्या घड्याळांची काच नावाला काच, असते प्लास्टिकची. तिच्यावर एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा पडला होता.

तो जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईला आता दिसत जवळजवळ नव्हतंच. तिने पदरातून घड्याळ काढलं आणि हात चाचपत काउंटरवर ठेवलं.

"भाऊ, काल रात्रीपासून बंद आहे. तेवढं चालू करा. बाकी कशाला हात लावू नका."

"काकू, निर्धास्त राहा."

"खरंच नका लावू हं. जसं आहे तसंच हवंय मला."

"सांगितलं ना, निर्धास्त राहा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. गुरुवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा सेकंदरावने मनगट माझ्यापुढे धरलं. घड्याळ असं चकाकत होतं की ओळखू येईना. नवी काच. नवा पट्टा. कडेचे ओरखडे, ठोके, सगळं घासून गुळगुळीत.

"अरे, ती नको म्हणाली होती," मी म्हटलं.

"सगळे आधी नकोच म्हणतात. हातात पडलं की खूश होतात."

आणि मी काय केलं? मीही म्हटलं, "वा, छान झालंय." ते अजून मला खुपतं. मी तिथेच बजावलं असतं तर पुढचं टळलं असतं.

रात्री आठ चाळीसला त्याने दुकानाचं शटर ओढलं. मी घरी वळलो. तो घड्याळ पोचवायला निघाला. बाई रोज रात्री नऊला घड्याळाला किल्ली देते, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून नऊच्या आत पोचायचं होतं. रस्ता आठ-दहा मिनिटांचा. बाजार, मग शाळेची लांब भिंत, आणि भिंत संपली की मागच्या बाजूला बाईच्या दोन खोल्या. घड्याळ त्याच्या डाव्या मनगटावरच होतं. चाल बघायची ना!

शाळेच्या भिंतीशी दिवे दोनच आहेत. मधला तुकडा अंधारात. तो त्या तुकड्यात शिरला आणि त्याला वाटलं, बाही घड्याळाला घासतेय. त्याने बाही वर सारली.

पुन्हा घासलं.

थांबला. हात समोर धरला. बाही कोपरापाशी होती. रस्त्यावर कुणी नव्हतं.

आणि काचेवरून काहीतरी फिरलं. हळू. खालून वर. काच मनगटावर दाबली गेली, ती त्याला हाडापर्यंत जाणवली.

अंगठा.

एकदा फिरला. थांबला. परत फिरला, जरा बाजूने. मग कडेवरून, गोल. आपण अंधारात खिडकीची कडी चाचपतो ना, तसा.

सापडत नव्हतं त्याला काहीतरी...

सेकंदराव पळाला. त्याला गुडघेदुखी आहे, जिना चढताना चारदा थांबतो. त्या रात्री तो पळाला.

बाईचं दार उघडंच होतं. ती खाटेवर बसून वाट बघत होती. ह्याला धाप लागलेली. काही न बोलता त्याने घड्याळ काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने काचेवर अंगठा ठेवला. फिरवला. परत फिरवला. तिचा चेहराच उतरला.

"हे ह्यांचं नाही."

"काकू, तेच आहे. मी फक्त जरा..."

"काच कुठंय?"

त्याने घड्याळाकडे हात नेला, तशी तिने मूठ मिटली.

"भाऊ, मी दोनदा सांगितलं होतं. दोनदा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. "रात्री नऊला किल्ली देते, उशाशी ठेवते. मग हे येतात. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. काचेवर अंगठा फिरवतात, आपलंच आहे याची खात्री करतात आणि माझ्याजवळ बसतात. सहा वर्षं. एक रात्र चुकली नाही. बंद पडलं होतं त्या रात्रीही आले. तुमच्याकडे दिलं तेव्हा मी त्यांना सांगून ठेवलं, तीन दिवस दुकानात आहे, गुरुवारी परत येईल." ती थांबली. "आता त्यांना घर कसं सापडायचं हो?"

तुम्ही असता तर काय बोलला असता? शेवटी तिनेच विचारलं.

"जुनी काच टाकलीत?"

"नाही. दुकानात आहे. डब्यात."

"मग आत्ता जा. घड्याळ घेऊन जा. बसवा आणि सकाळी आणा. आणि भाऊ..." तिने त्याचं मनगट धरलं. "ते मागोमाग येतील. माणूस वाईट नाही. पण शोधताना त्यांना दुसरं काही सुचत नाही."

परतीची वाट तीच. घड्याळ रुमालात गुंडाळून त्याने खिशात खोल कोंबलं. भिंतीच्या मध्यावर आला आणि आतून, बंद शाळेतून, एक टोल पडला.

टण्.

एकच. त्याने घड्याळ काढून पाहिलं नाही. नऊ वाजले होते, हे त्याला न बघताच कळलं.

दुकानात शिरला. शटर आतून ओढून घेतलं. टेबलावरचा दिवा लावला. जुन्या काचांचा डबा म्हणजे बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, चाळीस वर्षांच्या काढलेल्या काचा त्यात. तीनशे असतील, चारशे असतील. त्याने डबा टेबलावर उपडा केला. भिंग डोळ्यात अडकवलं. एकेक काच दिव्याखाली धरून बघायला लागला. ही मोठी. ही तडकलेली. ही पिवळी...

मागे आवाज झाला.

चर्र.

कोरडा अंगठा काचेवरून फिरला की होतो तसा.

दारालगतच्या भिंतीवर घड्याळांची रांग होती. आवाज पहिल्या घड्याळाकडून आला. तो वळला नाही. हात चालू ठेवले.

चर्र. दुसरं.

चर्र. तिसरं.

रांग अकरा घड्याळांची. त्याने ती स्वतः टांगलेली. मोजायची गरज नव्हती, तरी तो मोजत होता. सातवं. आठवं. प्रत्येकावरून अंगठा एकदा फिरायचा, क्षणभर थांबायचा, पुढे जायचा. घाई नव्हती. घाई फक्त ह्याला. काचा खाली पडत होत्या.

अकरावं.

मग शोकेस. त्याच्या कोपरापासून वीतभर.

मग काही नाही...

त्याने श्वास सोडला. एक काच उचलली. डोळ्याजवळ नेली.

आणि भिंगावरून अंगठा फिरला.

डोळ्यावरच्या भिंगावरून. खालून वर. भिंग खोबणीत दाबलं गेलं. डोळ्यात पाणी आलं. समोर सगळं धुकं.

त्याने भिंग काढून टेबलावर टाकलं, दोन्ही डोळे गच्च मिटले. आणि तेव्हा त्याला सुचलं. बाई कशी ओळखायची? बघून नव्हे. त्याने उजवा हात काचांच्या ढिगात घातला आणि अंगठ्याने चाचपायला लागला. गुळगुळीत. गुळगुळीत. गुळगुळीत. चाळीस वर्षं तो काचा बघत आला होता, कधी हाताने ओळखली नव्हती.

मानेपाशी गार झालं. तो चाचपत राहिला.

गुळगुळीत.

गुळगुळीत...

खळगा!

त्याचा अंगठा त्यात बरोबर बसला. मापाने केल्यासारखा.

डोळे मिटूनच त्याने नवी काच उचकटली. जुनी कडेवर ठेवली. दाबली. टक् झालं. अंगठा अजून काचेवरच होता.

त्याच्या अंगठ्यावर दुसरा अंगठा टेकला.

गार. खरबरीत. वाट बघणारा.

सेकंदरावने आपला अंगठा हळूच काढून घेतला.

एकदाच आवाज आला. चर्र नव्हे. मऊ. ओळखीच्या जागेवरून फिरल्यासारखा.

मग शांत...

पावणेअकराला माझ्या दाराची बेल वाजली. सेकंदराव. "आज इथेच झोपतो," म्हणाला आणि रात्रभर उजव्या डोळ्यावर हात ठेवून बसून राहिला. घड्याळ आमच्या दोघांच्या मध्ये, रुमालात. मीही झोपलो नाही. खोटं कशाला सांगू, माझी उघडून बघायची छाती झाली नाही.

सकाळी आम्ही दोघं बाईकडे गेलो. तिने घड्याळ हातात घेतलं, काचेवर अंगठा फिरवला. "हं," म्हणाली. "काच तीच." मग अंगठा कडेवर गेला. गुळगुळीत कडेवर. तिथे तिचा हात बराच वेळ थांबला. कड काही सेकंदरावला परत आणता येणार नव्हती. घासलेलं घासलं गेलं. तो तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण असू दे म्हणाली नाही.

दोन महिन्यांनी मी सहज तिची चौकशी करायला गेलो. "येतात का?" मी विचारलं. मला विचारायला नको होतं.

"येतात," ती म्हणाली. "पण उशिरा. आधी दुसरीकडे शोधतात बहुतेक. पक्की खूण राहिली नाही ना."

सेकंदरावने दुकान बंद केलं. आता लेकीकडे असतो. जाताना ते भिंग त्याने माझ्या हातात ठेवलं. "टाकवत नाही, आणि ठेववतही नाही," म्हणाला. मी घेतलं. माझ्या हातातलं घड्याळही मी त्याच आठवड्यात काढलं ते काढलंच.

हे बघा, हेच ते. घाबरू नका, घ्या. हे प्लास्टिक नाही बरं, अस्सल काच आहे. अंगठ्याने जन्मात झिजायची नाही. त्याने दिलं तेव्हा कडेला नखाएवढा धुरकट डाग होता, बाकी लख्ख. मी कपाटात ठेवलं होतं, कुलूप लावून. आज वर्षाने काढलंय. मीही अजून बघितलेलं नाही. धाकटे, तुझे डोळे चांगले. लाव आणि दिव्याकडे बघून सांग.

काय?

...

काहीच दिसत नाही? दिवासुद्धा नाही? सगळी काच धुरकट झालीय?